आगंतुकांची ओळखपरेड

आमचा एक भाचा न्यू जर्सीत असतो. त्याने हौसेने घरात खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी मांडली. आपल्याकडे दिवाणखान्यात किंवा दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत दिसते ती गोड्या पाण्याची, गोल्डफिशची टाकी वेगळी. हिच्यात समुद्राइतके खारट केलेले पाणी, तळाशी प्रवाळाची वाळू आणि मधोमध रचलेले सच्छिद्र दगड असतात. या दगडांना तिकडे 'जिवंत खडक' म्हणतात. दगड अर्थातच निर्जीव, मेलेल्या प्रवाळांचा चुन्याचा सांगाडा. पण वर्षानुवर्षे समुद्रात पडून राहिल्याने त्याच्या छिद्राछिद्रांत जीवाणू, शेवाळ, स्पंज, कृमी आणि बारीकसारीक कवचधारी प्राण्यांची वस्ती झालेली असते. माशांच्या उत्सर्गातला विषारी अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये बदलण्याचे काम हे जीवाणू करतात, आणि दगडाच्या पोटात, जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथे, नायट्रेटचा नायट्रोजन वायू होतो. म्हणजे टाकीतले पाणी शुद्ध राखणारे यंत्र म्हणून हे दगड विकत घ्यायचे, आणि यंत्राबरोबर त्यातले बिऱ्हाडकरूही घरी आणायचे, असा हा व्यवहार आहे.

तर टाकीत पहिला मासा सोडण्यापूर्वीच एका रात्री भाच्याचा फोन आला. ''मामा, टाकीत किडा आहे. वीतभर लांब, गुलाबी, दोन्ही बाजूंना पांढरे केस. पुस्तकात याच्यापुढे लाल फुली आहे.'' आम्ही काही बोलण्यापूर्वीच त्याने पुस्तकाने सांगितले ते केले होते. दगड बाहेर काढून गॅरेजमध्ये नेला आणि त्यावर किटलीभर उकळते पाणी ओतले. तीन किडे मेले. त्यांच्याबरोबर त्या दगडावरचे इतरही सगळे मेले. दोन दिवसांनी तो दगड कुजक्या अंड्यासारखा घाण मारू लागला तेव्हा भाच्याला आपले काय चुकले ते कळेना. पुढच्या उन्हाळ्यात त्याच्याकडे जाणे झाले, तेव्हा त्याच्याकडची नवशिक्यांसाठीची तिन्ही हस्तपुस्तके आम्ही सावकाश वाचली, आणि प्रत्येकाच्या शेवटी असलेला आगंतुकांचा तक्ता तर दोन-दोनदा वाचला. हे टिपण त्या तक्त्यांविषयी आहे. पुस्तकांची नावे देत नाही, कारण दोष एखाद्या पुस्तकाचा नसून या प्रकारच्या तक्त्याचाच आहे. तो एकमेकांवरून उतरवून घेतल्यासारखा सगळीकडे सारखाच असतो.

तक्त्याची रचना अशी: पहिल्या रकान्यात छायाचित्र, दुसऱ्यात नाव, तिसऱ्यात 'चांगला' किंवा 'वाईट', आणि चौथ्यात 'काय करावे'. वाचकाने चित्र जुळवायचे आणि निकाल वाचायचा. पाहायचे काय, केव्हा आणि किती वेळ, याला रकाना नाही. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की या तक्त्यांत निकाल आधी लागतो आणि प्राणी मागाहून पाहिला जातो, किंवा पाहिलाच जात नाही.

भाच्याच्या किड्याचेच पाहू. तक्त्यात एका ओळीत 'केसाळ कृमी' असे लिहिले की काम झाले असे वाटते. पण ज्या वर्गातला हा प्राणी, त्या पॉलिकीट वर्गात दहा हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. गांडुळाचे हे समुद्रातले भाऊबंद. प्रत्येक वलयाच्या दोन्ही अंगांना केसांचे झुबके असणे ही त्यांतल्या बहुतेकांची खूण आहे. तेव्हा 'केस आहेत' हे ओळखणे म्हणजे 'पंख आहेत' एवढ्यावरून पक्षी ओळखण्यासारखे झाले. जिवंत खडकातून घरोघरी येतात ते बहुधा ॲम्फिनोमिड कुळातले, युरिथोए या प्रजातीतले किंवा तिच्या जवळचे. ते मेलेले, कुजलेले अन्न खातात. माशांना घातलेले आणि दगडाच्या फटीत पडून राहिलेले खाणे तेच संपवतात. त्याच कुळात हर्मोडिसे कारुन्क्युलाटा हा कॅरिबियन आणि भूमध्य समुद्रांतला मोठा अग्निकृमीही आहे, आणि तो मात्र जिवंत प्रवाळ खातो. दोघांचे केस सारखेच त्रासदायक. चुन्याचे, ठिसूळ, कातडीत मोडून राहणारे. बोट लागले तर निवडुंगाची लव लागल्यासारखी आग होते. मग फरक कशावरून करायचा? डोक्यावरून. हर्मोडिसेच्या डोक्यामागे घड्या घडी पडलेला, ठळक, मांसल तुरा असतो आणि अंगाच्या दोन्ही बाजूंनी लालसर, झुडपासारख्या फांद्या फुटलेल्या कल्ल्यांची रांग असते. युरिथोएचा तुरा लहान, शोधून पाहावा लागतो. भिंग हातात घेतले तर हे पाच मिनिटांचे काम आहे. तक्त्यातल्या छायाचित्रात मात्र डोके दगडाखाली होते!

आता खरोखर शंका घ्यावी असा एक कृमी पाहा. युनिसिड कुळातल्या कृमीच्या डोक्यावर पाच शृंगिका असतात, जबडे बळकट असतात आणि मोठ्या जातींच्या अंगावर इंद्रधनुष्यासारखी झाक असते. २००९ साली इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या न्यूक्वे येथील मत्स्यालयात प्रवाळांचे तुकडे पडू लागले, मासे जखमी होऊ लागले. रात्री लावलेले सापळे मोडून पडत, गळाची दोरी कुरतडलेली सापडे. शेवटी टाकी रिकामी करून दगड एकेक सुटा केला तेव्हा सुमारे सव्वा मीटर लांबीचा युनिसे ॲफ्रोडिटॉइस बाहेर आला. तो लहान असताना दगडातून आला असावा असे तिथल्यांचे मत पडले. वर्तमानपत्रांनी त्याला 'बॅरी' असे नाव देऊन भरपूर करमणूक करून घेतली. आमच्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. या प्रकरणात आधी नुकसान दिसले, मग माग काढला गेला आणि शेवटी प्राणी ओळखला गेला. भाच्याच्या घरी आधी प्राणी दिसला, मग निकाल लागला, आणि नुकसान झाले ते निकालामुळे.

अशा तक्त्यांत आणखी एक चूक वारंवार दिसते. मेलेल्या शिंपल्यावर कृमी सापडला, म्हणून कृमीने शिंपला मारला असे धरले जाते. रस्त्यात मेलेल्या गुरावर गिधाडे बसलेली पाहून गुरू गिधाडांनी मारले असे आपण म्हणत नाही. शिंपला आजारी पडतो, त्याचे कवच सैल पडते, वास सुटतो आणि रात्री सफाईवाले गोळा होतात. सकाळी दिवा लावणाऱ्याला फक्त शेवटचा अंक दिसतो. पहिला अंक पाहायचा तर पाण्याची क्षारता, तापमान आणि अमोनिया मोजावा लागतो, आणि ते जिकिरीचे असते. किड्याला दोष देणे सोपे जाते. अमेरिकेत रोनाल्ड शिमेक या प्राणिशास्त्रज्ञाने हौशी टाकीवाल्यांसाठी लिहिताना या कृमींची वकिली वर्षानुवर्षे केली आहे. २००४ सालचे त्यांचे अपृष्ठवंशीयांवरील खिशात मावणारे मार्गदर्शक आम्हाला या वर्गातल्या पुस्तकांत उजवे वाटते, कारण ते प्राणी ओळखणाऱ्या माणसाने लिहिलेले आहे. पण पाचशेच्या वर जाती खिशात मावायच्या तर प्रत्येकीच्या वाट्याला एक छायाचित्र आणि थोडाच मजकूर येणार, आणि छायाचित्र येणार ते पूर्ण वाढलेल्या, स्वच्छ प्रकाशात दिसणाऱ्या प्राण्याचे. नवशिक्याला दिसते ते बहुधा रात्रीच्या अंधारात फटीत ओढले जाणारे शेपूट.

खेकड्याबाबत तर तक्त्यांचा निकाल एकमुखी होता: दिसला की काढा. मोठे, केसाळ, काळ्या नख्यांचे खेकडे मासे आणि प्रवाळ कुरतडतात, हे खरे. पण त्याच ओळीत ट्रॅपेझिया सापडतो, आणि इथे तक्ता नुसता ढोबळ नाही तर चूक आहे. ट्रॅपेझिया हा नखाएवढा, गुळगुळीत पाठीचा खेकडा पोसिलोपोरा प्रवाळाच्या फांद्यांत राहतो आणि प्रवाळाने सोडलेला श्लेष्म खातो. प्रवाळ खाणारा काटेरी तारामासा जवळ आला तर हा एवढासा प्राणी त्याचे पाय चिमटून त्याला हुसकावतो. ताहितीजवळच्या मोरिया बेटावर संशोधकांनी प्रवाळांवरून हे खेकडे काढून टाकून पाहिले. त्यांचा निबंध २००६ साली प्रसिद्ध झाला. खेकडे असलेल्या प्रवाळांवर पडलेला गाळ खेकडे झटकून टाकत होते. ज्यांच्यावरचे खेकडे काढले होते त्यांपैकी पुष्कळशी प्रवाळे महिन्याच्या आतच मेली. तेव्हा तक्त्याचा आदेश मानून प्रवाळातला खेकडा चिमट्याने काढणारा माणूस आपल्याच प्रवाळाचा रखवालदार काढून टाकत असतो.

बाकीच्या निरुपद्रवी मंडळींची ओळख थोडक्यात करून देतो, कारण तक्त्यांत त्यांना फारशी जागा मिळत नाही. काचेवर टाचणीच्या डोक्याएवढ्या पांढऱ्या गुंडाळ्या दिसतात. त्या स्पायरॉर्बिड कृमींच्या चुन्याच्या नळ्या. भिंगातून पाहिले तर तोंडाशी इवलासा पिसारा दिसतो. दगडावर लाल रंगाचा, खरबरीत ठिपका दिसला तर तो बहुधा होमोट्रेमा, म्हणजे एकपेशीय प्राण्याने बांधलेले घर. बर्म्युडाच्या वाळूचा गुलाबी रंग याच्याच चुऱ्याने आलेला आहे. सापासारखे वळवळणारे बारीक बाहू फटीतून बाहेर येतात ते भंगुरताऱ्याचे. एक सेंटिमीटरचा, करड्या रंगाचा, एक बाजू आखूड आणि एक लांब असलेला तारामासा काचेवर आढळतो. तो अपंग नव्हे. तो मधून दुभंगून दोन होतो आणि मग राहिलेले बाहू नव्याने उगवतात. याला सगळे ॲस्टेरिना म्हणतात, पण यातले बरेचसे ॲक्विलोनास्ट्रा प्रजातीतले आहेत. स्टोमाटेला ही गोगलगाय पाठीवर नखाएवढी कानाच्या आकाराची शिंपली घेऊन हिंडते, मांसल अंग बाहेरच असते, म्हणून तिला बिनकवचाची समजून हाकलले जाते. बिचारी शेवाळाखेरीज काही खात नाही. पकडायला गेलात तर पालीसारखी शेपटी टाकून पळते.

तक्त्यांची बाजूही मांडली पाहिजे. नव्या माणसाला रात्री अकरा वाजता टाकीत काहीतरी वळवळताना दिसते आणि त्याला उत्तर लगेच हवे असते. त्याला पॉलिकीटांचे शरीरशास्त्र ऐकवणे म्हणजे ताप आलेल्याला वैद्यकाचा इतिहास सांगण्यासारखे आहे. शिवाय काही निकाल घाईनेच दिलेले बरे. टाकीतून टक् टक् असा आवाज येऊ लागला तर तो दोघांपैकी एकाचा असतो. पिस्तूल झिंगा नख्या आपटून आवाज करतो आणि तो सहसा निरुपद्रवी असतो. दुसरा मँटिस झिंगा. त्याच्या काही जाती हातोड्यासारख्या अवयवाने शंख फोडतात, तर काही भाल्यासारख्या अवयवाने मासा भोसकतात. दगड उचलताना बोटालाही इजा करू शकतात. अशा वेळी 'बोट घालू नका' ही सूचना आधी आणि प्राणिशास्त्र नंतर, हे आम्हालाही मान्य आहे. आमची तक्रार पुढची आहे. ही घाई ज्या ठिकाणी खरोखर जरुरीची आहे, नेमके तिथेच तक्ते गप्प आहेत.

भाच्याने दगडावर उकळते पाणी ओतले हे वर सांगितले. 'काय करावे' या रकान्यात हा उपाय दोन पुस्तकांत छापला होता. जिवंत खडकावरून झोअँथिड नावाचे प्राणीही येतात. समुद्रफुलांचे हे नातेवाईक. बटणाएवढ्या तपकिरी-हिरव्या फुलांच्या चटयाच पसरतात. त्यांतल्या पॅलिथोआ प्रजातीच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे विष असते. १९७१ साली ते हवाईतल्या पॅलिथोआतून वेगळे काढण्यात आले. ज्ञात नैसर्गिक विषांत जी अत्यंत जहाल म्हणून मोजली जातात त्यांपैकी हे एक. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात एका हौशी माणसाने टाकीत फोफावलेले असले झोअँथिड मारण्यासाठी दगडावर उकळते पाणी ओतले. वाफ नाकात गेली आणि त्याला श्वास घेणे कठीण झाले. या प्रकरणाचा अभ्यास करणाऱ्यांनी जवळपासच्या दुकानांतले झोअँथिड आणून तपासले. काही अतिशय विषारी निघाले, काहींत विष सापडलेच नाही. नुसत्या डोळ्यांनी फरक सांगता येईना. त्यांचा निबंध २०११ साली प्रसिद्ध झाला. अलास्कात २०१२ ते २०१४ या काळात घरांत आणि दुकानांत झालेल्या अशाच विषबाधांची नोंद अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात आहे. भाच्याच्या त्या दगडावर झोअँथिड नव्हते, हे त्याचे नशीब. तिन्ही तक्त्यांत झोअँथिडांपुढे 'चांगला, शोभेचा' असे लिहिले होते. एका निरुपद्रवी सफाईवाल्याला लाल फुली, तो मारायचा उपाय जीवघेणा ठरू शकतो, आणि ज्याच्यामुळे जीवघेणा ठरतो त्याला हिरवी खूण. 'चांगला-वाईट' या रकान्याची किंमत यावरून करावी.

आपल्या शिक्षकांच्या दृष्टीनेही हा भाग महत्त्वाचा आहे. झोअँथिडांच्या चटया मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवर ओहोटीला उघड्या पडतात. २०१७ साली सुरू झालेल्या 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या उपक्रमाच्या किनाराफेऱ्यांमुळे ते पुष्कळांना माहीतही झाले आहेत. विद्यार्थ्यांना ते जरूर दाखवावेत. पण हात लावू देऊ नये, खरवडू देऊ नये, आणि हाताला जखम असलेल्या मुलाला त्या डबक्यात हात घालू देऊ नये.

तक्त्यांत नसलेला आणखी एक रकाना आम्हाला सुचवावासा वाटतो: 'बाहेर टाकल्यास काय होईल'. निरुपद्रवी म्हणजे कोणाला? टाकीतल्या माशांना, की टाकीबाहेरच्या समुद्राला? कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे नेच्यासारखे दिसणारे हिरवे शेवाळ मत्स्यालयवाल्यांचे आवडते होते. ते दिसायला सुंदर, वाढायला सोपे आणि पाण्यातले नायट्रेट शोषणारे. कुठल्याही तक्त्यात त्याला 'चांगले' असेच गुण मिळाले असते. १९८४ साली मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात त्याचा एक लहानसा पट्टा दिसला. पुढच्या दशकांत ते भूमध्य समुद्राच्या तळावर हजारो हेक्टरांत पसरले आणि तिथल्या सागरी गवताच्या कुरणांवर चढले. २००० साली तेच कॅलिफोर्नियात सान डिएगोजवळच्या खाजणात सापडले. ते निपटायला सहा वर्षे आणि सत्तर लाखांहून अधिक डॉलर लागले. काचेच्या आत निरुपद्रवी असलेला जीव मोरीतून बाहेर गेल्यावर निरुपद्रवी राहत नाही.

हे तक्ते कुठून आले असावेत, असा विचार करताना आम्ही या छंदाच्या उगमाकडे गेलो. फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गअभ्यासकाने 'द अक्वेरियम' हे पुस्तक १८५४ साली प्रसिद्ध केले. त्याच्या आदल्या वर्षी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले होते, त्यासाठी समुद्री जीव पुरवण्यात गॉस होता. त्याचा सल्ला असा, की समुद्री शेवाळाला मुळे नसतात, तेव्हा ते ज्या खडकाला चिकटले आहे त्या खडकाचा टवकाच छिन्नीने काढून आणावा. म्हणजे जिवंत खडकाचा हा पणजोबा, आणि त्याच्याबरोबर आगंतुक आलेच. पण गॉसचा आगंतुक हा संशयित नसून पाहुणा असतो. तो काय खातो, कसा सरकतो, दिव्याला कसा बिचकतो, याचे वर्णन आधी येते. उपयोगी की उपद्रवी हा प्रश्न आला तर नंतर येतो. गॉसला देव्हाऱ्यात बसवायचा आमचा विचार नाही. त्याची पुस्तके वाचून हजारो लोक छिन्न्या घेऊन इंग्लंडच्या किनाऱ्यांवर धावले आणि डबकीच्या डबकी उजाड झाली. त्याच्या मुलाने, एडमंड गॉसने, १९०७ सालच्या आपल्या आठवणींत याची खंत नोंदवली आहे. आपल्या काळातही फ्लोरिडात समुद्रातला नैसर्गिक खडक काढण्यावर १९९०च्या दशकात बंदी घालावी लागली. तिथे आता खाणीतला दगड समुद्रात टाकून ठेवतात आणि त्यावर वस्ती झाली की काढतात.

पण गॉसच्या परंपरेचे खरे फळ पुढे ऑस्ट्रियात मिळाले. ग्राझ येथील प्राणिशास्त्र संस्थेच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, काचेवर सरकणारी मिलिमीटरभर व्यासाची एक राखी चकती फ्रान्झ आयलहार्ड शुल्झे यांना दिसली. तिला तोंड नाही, पोट नाही, डोके नाही, मज्जातंतू नाहीत. कडा क्षणोक्षणी बदलते. शेवाळावर पसरते आणि खालच्या बाजूनेच ते पचवते. पुरता आगंतुक, पुरता निरुपद्रवी. शुल्झे यांनी १८८३ साली तिचे नाव ट्रायकोप्लॅक्स ॲढेरेन्स असे ठेवले. १९०७ साली थिलो क्रुम्बाख यांनी जाहीर केले की हा स्वतंत्र प्राणी नव्हे, एका हायड्रोझोआची ही नुसती अळी आहे. शुल्झे यांनी विरोध केला, पण निकाल पुस्तकांत शिरला. ओळख पटली असे सर्वांना वाटले, मग पाहणार कोण? साठएक वर्षे ट्रायकोप्लॅक्सकडे जवळजवळ कोणी फिरकले नाही. अखेर कार्ल ग्रेल यांनी ते पुन्हा वाढवले, न्याहाळले, आणि १९७१ साली त्याच्यासाठी प्राणिसृष्टीत प्लॅकोझोआ हा स्वतंत्र संघ मांडला. २००८ साली त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचण्यात आला. प्राण्यांच्या उत्क्रांतीचा आरंभ समजून घेण्यासाठी आज जे मोजके जीव अभ्यासले जातात त्यांत ही चकती आहे. चुकीचा निकाल म्हणजे केवळ एका किड्याचा जीव जाणे नव्हे, तर साठ वर्षे एका संघाकडे पाठ फिरवणे, हे यावरून दिसते. आणि आम्ही पाहिलेल्या तिन्ही तक्त्यांत ट्रायकोप्लॅक्स नाही. घरगुती टाक्यांत तो असतो. पाण्यात काचपट्टी आठवडाभर टांगून ठेवली तर सूक्ष्मदर्शकाखाली सापडू शकतो.

प्रवाळ खाणारा एक चपटा कृमीही असाच. अमाकुसाप्लॅना ॲक्रोपोरे हा टाकीवाल्यांना वर्षानुवर्षे छळत होता, आणि त्याला शास्त्रीय नाव मिळाले ते २०११ साली. खुल्या समुद्रात तो ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळभित्तीवर सापडल्याचा वृत्तांत त्यानंतर, २०१२ साली आला. तेव्हा हौशी माणसाचे डोळे काही कमी दर्जाचे नसतात. त्यांना काय पाहावे ते कोणी सांगत नाही, एवढेच.

मग तक्त्याच्या जागी काय असावे? आम्हाला वाटते, एक प्रश्नावली. प्राणी कोणत्या वेळी दिसला? अंगाला वलये आहेत का, कवच आहे का, पाय सांध्यांचे आहेत का? डोक्यावर शृंगिका किती? तो काय करत होता, की तुम्ही दिवा लावल्यामुळे नुसता पळत होता? काल किती होते, आज किती आहेत? शेवटच्या प्रश्नाला आम्ही बरेच महत्त्व देतो. नव्या टाकीत कोपेपॉड, स्पायरॉर्बिड, बारीक जेलीमासे एकदम वाढतात आणि पुष्कळदा आपोआप ओसरतात. केसाळ कृमी वाढतच गेले तर तो माशांना जास्त खाणे घातले जात असल्याचा हिशेब असतो. खाणे कमी केले की कृमीही कमी होतात.

शाळेत हे करून पाहायचे तर टाकी हवीच असे नाही. कोकणातल्या शिक्षकाने ओहोटीच्या वेळी डबक्यातलेच पाणी पांढऱ्या थाळीत घ्यावे, शेवाळाचा एक झुबका त्यात हलक्या हाताने हलवावा आणि दहा मिनिटे थांबावे. काय काय बाहेर येते ते मुलांनी आधी काढावे, नावे नंतर पाहावीत. तासाभराने सगळे त्याच डबक्यात परत सोडावे. प्रवाळ आढळल्यास, मेलेला तुकडाही, उचलू नये. २००१ सालापासून प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे.

भाच्याने आता टाकीजवळ एक वही ठेवली आहे. विजेरीच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद लावून तो रात्री दहा मिनिटे बसतो. लाल उजेडाला बरेचसे जीव बिचकत नाहीत. परवा त्याने वहीच्या एका पानाचे छायाचित्र पाठवले. 'डावी काच, पांढऱ्या गुंडाळ्या ३१. मागच्या रविवारी १९. मोठ्या दगडाच्या फटीत गुलाबी कृमी, शृंगिका मोजता आल्या नाहीत. मागच्या बाजूला राखी रंगाचे काहीतरी, तांदळाएवढे, सरकते, कवच दिसत नाही.' त्यापुढे नावासाठी आखलेली जागा त्याने कोरी ठेवली आहे.